वरून कोथिंबीर

गेल्या पावसाळ्यात आईला हुडहुडी भरून ताप आला. वय अठ्ठ्याहत्तर. दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले, तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा नमुना तपासायला दिला. रिपोर्ट आला तो मी चष्मा न लावताच वाचला. सत्तावीस वर्षं एका रुग्णालयाच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काढली आहेत, कल्चरचा रिपोर्ट मला लांबून, नुसत्या आकारावरून कळतो. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. एस म्हणजे हे औषध चालेल, आर म्हणजे जंतू त्याला भीक घालणार नाही. आईच्या कागदावर अमॉक्सिसिलिनपासून सुरुवात करून सेफिक्झाइम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सगळ्यांपुढे आर, आर, आर. पार खाली अमिकासिन आणि मेरोपेनेमपाशी एस. जंतू ई. कोलाय. तळाला एक ओळ: ईएसबीएल पॉझिटिव्ह.

म्हणजे या जंतूकडे असं एक विकर (एन्झाइम) होतं, जे पेनिसिलिनची आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या भारी औषधांचीही कडी मोडून टाकतं. गोळीवर भागणार नव्हतं. एर्टापेनेमचं इंजेक्शन, रोज एक, शिरेतून, सात दिवस. सिस्टर घरी येऊन देऊन जायच्या. चौथ्या दिवशी ताप उतरला, आईने अंघोळ केली, केस विंचरले आणि मला विचारलं, "मी बाहेरचं खात नाही. चार वर्षांत दवाखान्याची पायरी चढले नाही. मग हे माझ्यात शिरलं कुठून?"

मी तेव्हा तिच्यासमोर बसून कोथिंबीर निवडत होते.

जुडी तीस रुपयांची, पावसाळी भाव. दोऱ्याने करकचून बांधलेली. सोडल्यावर मधला भाग ऊन लागावा तसा कोमट निघाला, ओल्या कोथिंबिरीची जुडी आत अशी तापते. दोन-चार काड्या आतून सडून बुळबुळीत झालेल्या. मुळांना काळा चिखल, हाताला लागला की नखात बसणारा. वर मात्र पाणी मारून टवटवीत. आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून दिवसभर पालेभाजीवर शिंपडत असते, बाटली गाडीखालच्या बादलीतून भरते. बादली कुठून भरते ते मी तिला कधी विचारलं नाही. मला आवडते ती, उगीच अवघड प्रश्न कशाला.

आईला मी उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर फार निराशाजनक आहे. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्याच आतड्यात राहतो, बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने. तिथून तो मूत्रमार्गात घुसला की त्रास. पण औषधांना न जुमानणारा वाण आतड्यात आला केव्हा? महिन्यापूर्वी आला असेल, तीन वर्षांपूर्वी आला असेल. पाण्यातून, कुणाच्या हातावरून, नातवंडांकडून, कोशिंबिरीतून. आला आणि गुपचूप बसून राहिला. कुठल्या जुडीवर बसून आला, हे सांगणारी तपासणी माझ्या लॅबमध्ये तर नव्हतीच, घरोघरच्या आजीसाठी ती कुणी करतही नाही.

मी 1994 मध्ये नोकरीला लागले तेव्हा प्लेट वाचायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, डोळ्यांनी नाही, पट्टीने वाचायचं. काचेच्या बशीत फिकट पिवळ्या अगारवर जंतू पसरायचे, वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या, आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी बशीभर दुधी रंगाचा पातळ गालिचा उगवलेला असे, आणि काम करणाऱ्या औषधाच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल अंगण. अंगणाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. सुरुवातीच्या वर्षांत सेफोटॅक्झिमच्या टिकलीभोवती अशी ऐसपैस अंगणं दिसायची की पट्टी ठेवायचा कंटाळा यायचा. मग ती आकसत गेली. कुणी एका दिवशी येऊन काही सांगितलं नाही, नुसती वर्षागणिक पट्टीवरची रेघ अलीकडे अलीकडे आली. मी निवृत्त झाले तेव्हा गालिचा टिकलीच्या कडेला टेकून उगवलेला दिसला तर कुणी मान वर करून बघत नव्हतं.

सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही याला हॉस्पिटलचं दुखणं समजायचो. आयसीयूतले, कॅथेटर लावलेले, महिनाभर पडून असलेले रुग्ण, त्यांचं हे. त्या समजुतीला तडा गेला 2010-11 च्या सुमाराला. मेरोपेनेमसारखी राखीव औषधंही मोडणारं एनडीएम-1 नावाचं विकर तेव्हा गाजत होतं, 2008 साली एका स्वीडिश रुग्णात सापडलेलं, त्याआधी तो दिल्लीत दाखल होता म्हणून नावात न्यू दिल्ली. नावावरून आपल्याकडे बराच आरडाओरडा झाला, राष्ट्राचा अपमान वगैरे. त्या गदारोळात 2011 साली आलेली दुसरी बातमी मात्र कुणी फारशी मनावर घेतली नाही. दिल्लीतल्या रस्त्यावर साचलेल्या आणि झिरपणाऱ्या पाण्याचे 171 नमुने तपासले, त्यातल्या 51 मध्ये ते विकर बनवणारं जनुक मिळालं. नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये मिळालं. म्हणजे जिना उतरून ते केव्हाच रस्त्यावर आलं होतं.

त्या दिवसांतच एका शनिवारी, काम आटोपल्यावर, मी आणि माझ्या सहकारिणीने एक आगाऊपणा केला. तिने येताना घरासाठी घेतलेल्या कोथिंबिरीची चार पानं निर्जंतुक सलाइनमध्ये खळखळली आणि ते पाणी सेफोटॅक्झिम मिसळलेल्या मॅकॉन्कीच्या प्लेटवर पसरलं. साधे जंतू या प्लेटवर उगवू नयेत. सोमवारी सकाळी बघतो तर गुलाबी ठिपके. ई. कोलाय किंवा त्याचे भाऊबंद मॅकॉन्कीवर असे गुलाबी उगवतात. फार नव्हते, बोटाने मोजता येतील एवढे. एका जुडीच्या एका प्लेटवरून काहीच सिद्ध होत नाही, हे आम्हाला कळत होतं. तेवढ्यात मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. ओरडतील असं वाटलं. त्या बराच वेळ प्लेट उजेडात धरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही आधी ऑटोक्लेव्हला टाका. मग घरी जाऊन ठरवा, चटणी करायची का वडी."

वडी. त्या उत्तरात सगळं शास्त्र आलं. वडी उकडतात, तळतात. चटणी कच्ची.

आपल्या स्वयंपाकाची गंमत बघा. डाळ शिजवतो, भाजी शिजवतो, मिसळीचा कट धगधगता उकळतो, एवढा की जंतू सोडा, खाणाऱ्याची जीभही शिल्लक राहू नये. आणि सगळं झाल्यावर, ताट पुढे करताना, वरून कच्ची कोथिंबीर पेरतो. पोह्यांवर, उपम्यावर, आमटीवर, भेळेवर. कोथिंबीर पेरली नाही तर आईच्या भाषेत पदार्थ "उघडा" दिसतो. चार तासांच्या उकळण्यावर शेवटच्या चार सेकंदांत पाणी फिरवायची ही रीत मी स्वतः पन्नास वर्षं पाळते आहे, त्यामुळे हसायचा हक्क मला आहे.

माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. माझं बालपण एचए कॉलनीत गेलं. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला हा कारखाना, सरकारी क्षेत्रातला पहिला औषध कारखाना, आणि बाबा फर्मेंटेशनला. नाइट शिफ्ट करून आले की त्यांच्या शर्टाला आंबूस, ओल्या मक्यासारखा वास यायचा. पेनिसिलिनची बुरशी मोठमोठ्या टाक्यांत मक्याच्या काढ्यावर वाढवतात, त्याचा. शाळेत कुणाचे वडील काय करतात यावर निबंध आला तेव्हा मी लिहिलं होतं, माझे वडील बुरशी पाळतात.

बाबांना या बुरशीची कुळकथा सांगायला फार आवडायचं. फ्लेमिंगला 1928 मध्ये सापडलेली बुरशी औषध फारच तुटपुंजं द्यायची. कारखान्यात कामाला आली ती दुसरीच, 1943 साली अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या बाजारातून आणलेल्या एका बुरसटलेल्या खरबुजावरची. "बाजारातल्या फळावरनं आलंय ते," बाबा म्हणायचे, "लोकांना वाटतं प्रयोगशाळेत जन्मलं." स्ट्रेप्टोमायसिनही त्याच वर्षीचं, आणि तेही शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून निघालेल्या जंतूपासून. क्षयावरचं पहिलं खरं औषध. पिंपरीच्या मातीतूनही एक असा जंतू निघाला, त्याचं शास्त्रीय नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध तयार झालं. जगाच्या यादीत आपल्या पिंपरीचं नाव आहे, याचा बाबांना इतका अभिमान होता की घरी आलेल्या पाहुण्याला चहाआधी हे ऐकावं लागे.

पण मातीत औषध असेल तर मातीत त्यावरचा तोडगाही असणार, हे ओघानेच आलं. जो जंतू विष तयार करतो त्याला स्वतः त्यातून वाचावं लागतं, आणि शेजाऱ्यालाही. कॅनडाच्या उत्तरेला युकॉनमध्ये तीस हजार वर्षं गोठून पडलेल्या जमिनीत औषधांना दाद न देणारी जनुकं सापडली, माणसाने गोळी बनवायच्या कितीतरी आधीची. तेव्हा ही जनुकं आपण निर्माण केली असं म्हणणं चुकीचं आहे. आपण त्यांचं पीक घेतलं.

पिकाची गोष्ट माझ्या मावसभावाकडे जाते. त्याची जमीन पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या अलीकडे. वीसेक वर्षांपूर्वी त्याच्याकडे दीड एकर डाळिंब होतं. मग तेल्या आला. डाळिंबावर तेलकट काळे डाग, फळ उकलतं, बाग जाते. तेल्या हा बुरशीचा नाही, जंतूचा रोग. तेव्हा त्याच्या घरी ओसरीत कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या पुड्यांशेजारी लहानलहान पाकिटं मी पाहिली, सहा ग्रॅमची. स्ट्रेप्टोसायक्लीन. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लीन. बाबांनी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आमच्या कंपनीचं!" मावसभाऊ म्हणाला, "काका, तुमच्याच औषधावर बाग उभी आहे." मी तेव्हा रोज सकाळी पट्टी घेऊन प्लेटी मोजत होते. माणसाच्या क्षयावरचं औषध पाठीवरच्या पंपातून फवारलं जातंय, हे बघून माझ्या पोटात कसंतरी झालं. पण दोघांचे चेहरे इतके आनंदी होते की मी पाकीट वाचून परत जागेवर ठेवलं. पुढे 2021 च्या डिसेंबरात केंद्रीय कृषी मंत्रालयाने ही दोन्ही औषधं शेतीतून टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा मसुदा काढला. बाबा ते वाचायला नव्हते. मावसभावाची बागही नव्हती, तेल्याने ती त्याआधीच खाल्ली होती.

आता तो पालेभाजी करतो. मेथी, कोथिंबीर, थोडा पालक. पाणी कालव्याचं. आता हा कालवा म्हणजे काय, ते पुणेकराने नीट समजून घ्यायला हवं. खडकवासल्याचं गोड पाणी शहर पितं. शहर वाढलं तशी शेतीच्या वाट्याच्या पाण्याला ओढ लागली. मग ठरलं की शहराने वापरलेलं पाणी शुद्ध करून शेतीला परत द्यायचं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून ते उचलतात आणि जुन्या बेबी कालव्यातून लोणी काळभोर, उरुळी, यवतकडे सोडतात. कल्पना वाईट नाही. उलट पाणी दोनदा वापरणं शहाणपणाचंच. पण सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं मुळात घाण आणि दुर्गंधी कमी करण्यासाठी बांधलेली असतात. जंतू घटतात, नाहीसे होत नाहीत, आणि ज्या टाक्यांत हवा फुंकून जंतूंकडून मैला खाववतात तिथे तर कोट्यवधी जंतू खांद्याला खांदा लावून असतात. त्यात आपण गिळलेल्या औषधांचा अंश. अमॉक्सिसिलिन किंवा सिप्रोची गोळी घेतली की तिचा बराचसा भाग जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. आणि जे पाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, नाल्यातून थेट मुळा-मुठेत उतरतं, त्याचं काय ते संगम पुलावरून खिडकी उघडी ठेवून जाणाऱ्याला मी सांगायला नको.

गेल्या दिवाळीत मी मावसभावाच्या शेतावर होते. संध्याकाळी बायका कोथिंबीर उपटत होत्या, जुड्या बांधत होत्या, आणि टेम्पोत भरण्याआधी कालव्याच्या पाटात बुचकळून मुळांची माती धूत होत्या. पाण्याला फेस होता. मी काहीतरी बोलले असणार, किंवा नुसतं तोंड वाकडं केलं असेल. तो हसून म्हणाला, "ताई, तुम्ही शहरातनं जे पाठवता, तेच आम्ही जुडी बांधून माघारी पाठवतो. वर टेम्पोचं भाडं आमचंच."

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. रात्री टेम्पो मार्केट यार्डात पोचणार, पहाटे शेकड्याचा भाव फुटणार, भाव पडलेला असेल तर पुढची वाफ्यातली कोथिंबीर तो रोटर फिरवून मातीत घालणार. विहिरीला पाणी असतं तर त्याने कालव्याचं घेतलंही नसतं. त्याच्या बांधावर कोंबडीखताचा ढीग होता, तोही त्याच गोष्टीचा दुसरा धागा. कोंबड्या झटपट वाढाव्यात म्हणून खाद्यातून औषधं देण्याची चाल बरीच वर्षं होती. कोलिस्टिन, जे आमच्याकडे आयसीयूत सगळं संपल्यावर शेवटचं म्हणून काढतात, ते खाद्यजनावरांना देण्यावर भारतात बंदी आली ती थेट 2019 मध्ये.

आता कुणी म्हणेल, हा आपल्याकडच्या घाणीचा प्रश्न, दुकानातली पॅकबंद भाजी घ्या. माझी भाची हॅम्बुर्गला असते, तिचंही हेच म्हणणं होतं. 2011 च्या मे महिन्यात तिचा फोन आला, "मावशी, इथे कच्चं काही खाऊ नका म्हणतात." उत्तर जर्मनीत माणसं रक्ती हगवणीने आणि किडनी निकामी होऊन पडत होती. आधी स्पेनच्या काकडीवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांनी काकड्या ट्रकने फेकून दिल्या. काकडी निर्दोष निघाली. खरा स्रोत होते मोड. मोड आलेली मेथी, बियाणं इजिप्तचं. सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक गेले, आणि तो ई. कोलायही आईच्यासारखाच ईएसबीएलवाला. भाची म्हणाली, "मेथी! आपली मेथी!" मला मात्र फडक्यात बांधलेली मटकी दिसली. ऊब, ओल आणि रात्रभराचा निवांतपणा, मोड येण्यासाठी जे लागतं तेच माझ्या इन्क्युबेटरला लागतं. मटकीची उसळ करतो म्हणून आपण वाचतो. अलीकडे डाएटच्या नावाखाली मोड कच्चे खायची टूम निघाली आहे, तिच्याबद्दल मी घरात इतकं बोलले आहे की सून आता माझ्यासमोर मोड काढत नाही.

पुढे 2018 मध्ये जर्मनीतल्याच संशोधकांनी तिथल्या सुपरमार्केटमधली पालेभाजी तपासली. मिश्र सॅलड, अरुगुला आणि कोथिंबीर. होय, कोथिंबीर, प्लास्टिकच्या पाकिटातली. त्यांनी काय केलं, तर नुसते जंतू वाढवून मोजले नाहीत. पानांवरच्या जंतूंना प्रयोगशाळेतल्या एका भाबड्या ई. कोलायशेजारी ठेवलं आणि तो काय काय शिकतो ते पाहिलं. तो टेट्रासायक्लीन पचवायला शिकला. जनुकांची ती चिठ्ठी, प्लाझमिड म्हणतात तिला, एका जंतूकडून दुसऱ्याकडे गेली. जात वेगळी, गोत वेगळं, तरी दिली. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फॉरवर्ड होतो तसं, ओळखदेख नको, खातरजमा नको. त्यामुळे भाजीवरचा जंतू स्वतः निरुपद्रवी असला तरी चिठ्ठी आतड्यातल्या कुणाच्या हाती देऊन जाऊ शकतो. म्हणजे माझ्या शनिवारच्या प्लेटवर जे गुलाबी ठिपके आले त्यांच्यापेक्षा जे आलेच नाहीत त्यांचा हिशेब मोठा.

हे सगळं मी एकदा शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणूनच आपल्याकडे सोवळं होतं. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं." मला हे ऐकलं की चीड येते. माझी आजी कडक सोवळ्यातली. तिच्या सोवळ्यात विहिरीवर कुणी यायचं आणि कुणी नाही हे होतं, जंतू नव्हते. ओलेत्याने स्वयंपाक करणारी ती बाई त्याच विहिरीचं पाणी न उकळता प्यायची आणि तिची दोन मुलं हगवणीने गेली. पूर्वज शहाणे असतील, पण या बाबतीत त्यांना श्रेय देऊन आपली सुटका होत नाही.

सुटका नाहीच, पण रोजचं काहीतरी करावं लागतं. मी करते ते एवढंच: मुळं आणि सडक्या काड्या आधीच बाहेर, मग पानं सुटी करून वाहत्या नळाखाली, मग दोन पाण्यांतून, मग पंचावर पसरून कोरडी. साबण नाही. धुण्याने जंतू दहापट, जमलं तर शंभरपट कमी होतात, शून्य होत नाहीत. काही तर पानाच्या खाचाखोचांत, कापलेल्या कडेत बसतात, त्यांना पाणी लागतच नाही. 2025 च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रस्त्यावर गियाँ-बारेची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या जीबीएसची साथ आली, दोनशेहून जास्त संशयित रुग्ण, कॅम्पायलोबॅक्टर या पोट बिघडवणाऱ्या जंतूचं नाव घरोघरी झालं. तेव्हा दोन महिने रस्त्यावरचा प्रत्येक माणूस पाणी उकळत होता, भाजी व्हिनेगरमध्ये बुडवत होता, पाणीपुरीवाले माश्या मारत बसले होते. एप्रिलमध्ये कैऱ्या आल्या आणि पाणीपुरीपुढे रांग लागली. मीही त्या रांगेत होते. भाजी खाणं सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, काकडी-टोमॅटो सोडून माणूस जितका आजारी पडेल तितका ते खाऊन पडणार नाही. आईसारख्या म्हाताऱ्या माणसासाठी, केमो चालू असलेल्यासाठी मात्र मी कच्च्या पानापाशी हात आखडते.

आईच्या इंजेक्शनांच्या दिवसांत मी तिचं कपाट आवरलं. वरच्या कप्प्यात श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात गोळ्या. अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांच्या पाकिटात उरलेली एक. सिप्रोच्या दोन. सेफिक्झाइमचं अर्धं पाकीट, मागे लाल रेघ ठळक. ही लाल रेघ 2016 पासून लोकांच्या नजरेत भरवली जाते आहे, चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून, त्याआधी 2014 पासून यातली कित्येक औषधं एच-1 या कडक यादीत आहेत, दुकानदाराने वहीत नोंद करायची असते. नोंद होत असेल. आईच्या डब्यातल्या काही गोळ्यांची चिठ्ठी मात्र मला आठवते. मीच फोनवर सांगितल्या होत्या. "घसा धरलाय ना, आहे ना घरात, घे तीन दिवस." दिवसभर आर लिहून घरी येणारी मी.

फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल भाषणात एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता. त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच थोडं पेनिसिलिन आणून घेतो, जंतू मरत नाहीत, फक्त तरबेज होतात. तेच जंतू बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, ती जाते. बाबा ही गोष्ट आम्हाला सांगायचे ती भुताच्या गोष्टीसारखी, आवाज बारीक करून. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला अंदाज असा की 2019 या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट 12 लाख 70 हजार माणसं गेली. त्यातल्या कुणाच्या घरी श्रीखंडाचा डबा होता, कुणाच्या नव्हता.

डबा अजून माझ्याकडे आहे. मुदत संपलेल्या गोळ्या संडासात टाकल्या तर त्या मुंढव्याला जाणार, तिथून यवतला. कचऱ्यात टाकल्या तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातातून डेपोवर, तिथल्या पावसाच्या पाण्यात. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला परत घेणार का विचारलं, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी एक कफ सिरप विकत घेऊन बाहेर पडले. सध्या डबा ओट्याखालच्या फळीवर आहे, रद्दीच्या मागे.

आठवड्याने आई ओट्यापाशी आली. आमटीला फोडणी तिनेच घातली, मी शेजारी उभी. उकळी फुटली तशी मी चिरलेली कोथिंबीर सगळी त्यात टाकली आणि झाकण ठेवून आणखी पाच मिनिटं खळखळू दिली. ताटं घेतली. आईने वाटीत चमचा फिरवला, काळपट हिरवं काहीतरी वर आलं. तिने ते बाजूला सारलं.

"हा पाला कसला घातलास?" ती म्हणाली. "आणि वरून कोथिंबीर घालायची विसरलीस."